एलए काउंटीत आई-बाबांना कुठल्या बीचवर न्यावं? माझं उत्तर: बीच नंतर, आधी पार्किंग लॉट बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आई-बाबा गुहागरहून जुलैमध्ये येतायत, बाबा 74 वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि काठी घेतात, आईंना तासा-दीड तासाने बाथरूम लागतं, बरोबर तुमची 4 आणि 9 वर्षांची पोरं, राहता पासाडेनाला, आणि विचारताय की लॉस एंजेलिस काउंटीतला "सगळ्यात चांगला बीच पार्क" कुठला. शिवाय बाबांना गळ टाकायचाय, ते शेवटी सांगते.

मी पेशाने फिजिओथेरपिस्ट, आणि गेली 15 वर्षं इथल्या आपल्या मराठी ज्येष्ठांच्या सहली मीच नेते, म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं पण एकदा केलं आणि गळ्यात पडलं. वर्षाला सहा-सात सहली, त्यातल्या निम्म्या समुद्रावर, कारण कोणालाही विचारा "कुठे जायचं", उत्तर एकच. तर माझा अनुभव असा की तुम्ही प्रश्न बीचचा विचारताय पण तुमचा खरा प्रश्न आहे गाडीच्या दारापासून बाथरूमपर्यंत किती पावलं, बाथरूमपासून बसायच्या जागेपर्यंत किती, आणि त्या जागेवरून समुद्र दिसतो का. या तीन गोष्टी जिथे जमतात ती जागा तुमच्यासाठी चांगली, मग फोटोत ती कशीही दिसो.

हे का म्हणते ते सांगते. आपल्याकडे गुहागरला सुरूच्या बनातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात पाय पाण्यात. इथे सांता मोनिका, व्हेनिस, डॉकवायलर या पट्ट्यात वाळू इतकी रुंद आहे की पार्किंगपासून पाण्यापर्यंत चालता चालता माणूस दमतो. आणि गंमत म्हणजे ही रुंदी नैसर्गिक नाही. एलए शहराचा हायपेरियन नावाचा सांडपाणी प्रकल्प बांधताना तिथल्या टेकड्यांची प्रचंड वाळू काढून किनाऱ्यावर ओतली, पुढे मरीना डेल रे हे होड्यांचं बंदर खोदताना निघालेला गाळही आला, तेव्हा आज दिसणारा रुंद बीच हा बराचसा बांधकामाचा राडारोडा आहे म्हणा ना. मऊ वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं. काठी तर वाळूत रुततेच. जाताना बाबा उत्साहात जातील, प्रश्न येतानाचा असतो.

आता दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही, आणि ती कळली की अर्धा गोंधळ संपतो. काउंटीचा किनारा सुमारे 75 मैल आहे पण तो एका मालकाचा नाही. नावात "स्टेट बीच" असलं तरी चालवणारी काउंटी असू शकते, डॉकवायलर आणि विल रॉजर्स ही त्याचीच उदाहरणं, नाव राज्याचं आणि झाडलोट, पार्किंग, बाथरूम सगळं काउंटीच्या बीचेस अँड हार्बर्स खात्याचं. सांता मोनिकाचा बीच मात्र सांता मोनिका शहर बघतं. व्हेनिसला वाळू काउंटीची आणि तो प्रसिद्ध रस्ता, स्केट पार्क वगैरे एलए शहराचं. लाइफगार्ड मात्र यातल्या बहुतेक ठिकाणी काउंटीच्या फायर डिपार्टमेंटचे. याचा तुम्हाला उपयोग काय, तर शेल्टर म्हणजे छपराखालची टेबलं बुक करायची, वाळूवर चालणारी व्हीलचेअर मागायची, बाथरूम चालू आहे का विचारायचं, तर फोन बरोबर माणसाला लागला पाहिजे, नाहीतर तीन ठिकाणी "आमचं नाही" ऐकून दुपार जाते.

जागा सांगते, माझ्या पसंतीच्या क्रमाने, पण तुमच्या घरच्यांकडे बघून ठरवा.

पहिल्या भेटीसाठी मी मरीना डेल रेमधलं बर्टन चेस पार्क सांगेन. मिंडानाओ वे हा रस्ता जिथे संपतो तिथे, तीन बाजूंनी पाणी, मधे हिरवळ, कडेने पक्का रस्ता, बाकं, बाथरूम, छपराखालची टेबलं. वाळू नाहीच. समोरून शिडाच्या होड्या जातात आणि बाबांसारख्या कोकणातल्या माणसाला त्यात समुद्राच्या लाटेपेक्षा जास्त रस वाटतो हा माझा अनुभव आहे, एक काका तर दोन तास नुसते होड्यांची बांधणी बघत बसले होते. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे फुकट मैफिलीही होतात, वेळापत्रक बघून जा, कारण त्या दिवशी पार्किंगचं काही खरं नसतं. तोटा एकच, क्षितिज दिसत नाही, समोर पलीकडच्या काठावरच्या इमारती. सूर्य समुद्रात बुडताना बघायचा असेल तर ही जागा नाही.

मग पोरं म्हणणार पाण्यात कधी जायचं. चेस पार्कपासून जवळच, मरीनाच्या आतल्या बाजूला मदर्स बीच आहे, पाट्यांवर मरीना बीच असंही दिसेल. लाटा नाहीत, झोपाळे-घसरगुंडी वाळूतच, टेबलं, बाथरूम जवळ, पार्किंग जवळ. चार वर्षांच्या पोराला आदर्श, असं सगळे सांगतात आणि मीही पूर्वी सांगायचे. पण जिथे लाट नाही तिथे पाणी बदलतही नाही, कोंडलेल्या खाडीसारखंच ते, म्हणून हा बीच पाण्याच्या स्वच्छतेत अनेकदा नापास झालाय. हील द बे ही संस्था दर आठवड्याला बीचना एफ ते ए असे शाळेसारखे मार्क देते, निघायच्या दिवशी सकाळी ते बघा, ए किंवा बी असेल तर पोरांना खुशाल जाऊ द्या, नाहीतर वाळूतच किल्ले. सांता मोनिका पिअरच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या लांब धक्क्याच्या, अगदी खालच्या पाण्याचीही तीच रड आहे, पिअरपासून बरंच लांब सरकलात तर फरक पडतो.

सूर्यास्तासाठी डॉकवायलर. एलएएक्स विमानतळाच्या धावपट्ट्या संपतात तिथेच हा बीच, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान. मोठ्यांना कटकट वाटते, नऊ वर्षांच्या मुलाला स्वर्ग. पार्किंग लॉट वाळूला चिकटून आहे आणि लॉटच्या कडेने सायकलचा पक्का रस्ता जातो, तेव्हा घडीची खुर्ची गाडीतून काढून लॉटच्या कडेलाच टाकली तरी पूर्ण समुद्र समोर. इथे शेकोटीसाठी काउंटीने सिमेंटचे गोल खड्डे केलेत, फायर पिट म्हणतात, आगाऊ बुकिंग नाही, जो आधी येईल त्याचा, आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवारी दुपार व्हायच्या आतच सगळे संपतात, म्हणून मी कायम मंगळवार-बुधवार धरते. खरं सांगायचं तर मागे तोच हायपेरियन प्रकल्प आहे आणि वारा फिरला की वास येतो. 2021 च्या जुलैमध्ये तिथून एक कोटीहून जास्त गॅलन सांडपाणी समुद्रात गेलं होतं आणि बीच बंद केले होते. रोजचं नाही हे, पण जायच्या आधी काउंटीच्या आरोग्य खात्याची सूचना बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

आणि ज्या दिवशी तुम्ही कामावर असाल आणि दोघांना एकट्यानेच जायचं असेल त्या दिवशी सांता मोनिका. पासाडेनाहून ए लाइन पकडायची, डाउनटाउनमध्ये ई लाइनमध्ये बदलायची, शेवटचं स्टेशन डाउनटाउन सांता मोनिका. दीड तासाच्या वर लागतो पण बसून जाता येतं आणि पार्किंगचा ताप नाही. तिथून थोडं चाललं की पॅलिसेड्स पार्क, म्हणजे समुद्राच्या वरच्या कड्यावरून जाणारी लांबलचक बाग, झाडांची सावली, बाकं, सपाट रस्ता आणि खाली सगळा उपसागर पसरलेला. खाली उतरायची गरजच नाही. मला विचाराल तर गुडघेवाल्यांसाठी अख्ख्या काउंटीत याच्यासारखी जागा नाही, पण हिला "बीच" कोणी म्हणत नाही म्हणून शोधताना ती सापडत नाही.

त्याच भागात खाली रस्त्यालगत अ‍ॅनेनबर्ग कम्युनिटी बीच हाउस आहे, 2009 मध्ये लोकांसाठी उघडलं, आधी 1920 च्या दशकात मॅरियन डेव्हिस या नटीचा तिथे मोठा वाडा होता. जुना पोहण्याचा तलाव दुरुस्त करून ठेवलाय, उन्हाळ्यात तिकीट काढून कोणालाही पोहता येतं, मेंबरशिप वगैरे काही नाही. समुद्राचं पाणी गार लागलं तर पोरांना हा उपाय.

झुमाला नका नेऊ, निदान पहिल्यांदा तरी नको. मालिबूचा तो बीच सुंदर आहे, पार्किंग भरपूर आहे, पाणी स्वच्छ आहे, मी स्वतः तिथेच जाते. पण तिथे लाट काठावरच उभी राहून आपटते, आणि आत ओढणारे प्रवाह जोरदार असतात. आणि इथे मला तुमच्या बाबांबद्दलच बोलायचंय. ज्यांनी समुद्र कधी बघितला नाही ते लोक घाबरून मागे राहतात, त्यांची मला काळजी नसते. कोकणातून आलेले बाबा-काका पॅंट दुमडून सरळ आत जातात, "आमचा जन्म समुद्रावर गेला" म्हणत. आपल्या बऱ्याच पुळणी उताराला मंद, लाट लांबवर फुटते आणि फेस होऊन पायाशी येते. झुमासारख्या उतरत्या काठावर गुडघाभर पाण्यातच लाट माणसाला पाडते, आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. काठीवाला माणूस तिथे उभा राहू शकत नाही, साधी गोष्ट आहे. शिवाय पाणी गार. उन्हाळ्यात सुद्धा 18 ते 21 अंशांच्या आसपास, कोकणात 28 च्या पुढेमागे असतं, तेव्हा पहिला पाय टाकल्यावर जो श्वास अडकतो तो हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हलक्यात घेऊ नये.

बाबा भरतीचं गणितही करतील बघा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. इथे ते चुकतं. या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी एक छोटी, आणि वेळही वेगळी, उन्हाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला मोठी भरती संध्याकाळी उशिरा येते. चढ-उतार मात्र मुंबईच्या निम्म्याहून कमी. बाबांना एका वहीत पंधरा दिवस नोंदी करायला लावा, वेळ मजेत जाईल, आमच्या एका आजोबांनी खरंच केलं होतं आणि शेवटी स्वतःचं नवीन सूत्र काढलं होतं, बरोबर होतं का ते विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

बसायचं ते लाइफगार्डच्या टॉवरजवळ बसा, आणि टॉवरमध्ये माणूस आहे ना ते बघून बसा, कारण सगळे टॉवर सगळा वेळ चालू नसतात. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, वाळूत स्टिंग रे म्हणजे आपला पाकट दडलेला असतो, पायाची चाहूल लागली की तो निघून जातो. काटा लागलाच तर थेट लाइफगार्डकडे, ते पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवायला लावतात आणि त्यानेच वेदना उतरते.

वाळूवर जायचंच असेल तर बलूनसारख्या रुंद चाकांची व्हीलचेअर काही बीचवर फुकट मिळते, आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. पण ती बसणाऱ्याला स्वतः चालवता येत नाही, ढकलणारा धट्टाकट्टा हवा, मी एकदा एकटीने ढकलली आणि दोन दिवस माझीच कंबर शेकत बसले होते, फिजिओथेरपिस्ट असून. काही ठिकाणी वाळूवर निळसर चटई अंथरलेली असते, त्यावरून साधी व्हीलचेअर किंवा वॉकर जातो. चटई कुठे संपते ते आधी बघा, ती क्वचितच पाण्यापर्यंत जाते.

आता आईंचा विषय. बाथरूम. माझी सगळ्यात फजिती झालेली सहल याच्यावरच झाली. बीचचं नाव घेत नाही. अकरा ज्येष्ठ, दोन व्हॅन, डबे वगैरे सगळं, आणि पोचलो तर लॉटजवळचं बाथरूम दुरुस्तीसाठी बंद, पुढचं जवळपास अर्ध्या मैलावर. वेबसाइटवर एक ओळ होती म्हणे, मी वाचली नव्हती. त्या दिवशी आम्ही समुद्र बघितलाच नाही, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये बसून पुरणपोळ्या खाल्ल्या. तेव्हापासून मी आदल्या आठवड्यात स्वतः एक चक्कर मारते, ते जमलं नाही तर सकाळी फोन करते, आणि नकाशावर दुसरं बाथरूम कायम शोधून ठेवते. अजून एक, इथल्या बीचवरच्या बाथरूमची फरशी वाळू आणि पाण्याने ओली असते, आईंना चपलांऐवजी पकड असलेले बूट घालायला लावा आणि टिश्यू घरून न्या.

हवेबद्दल लोक फार फसतात. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन असं डोक्यात असतं, आणि मे-जूनमध्ये समुद्रावर सकाळभर राखाडी ढग बसलेले असतात, जुलैतही पहिले काही आठवडे तसेच जाऊ शकतात. पासाडेनाला 35 अंश असताना बीचवर 20 आणि दुपारनंतर बोचरा वारा, हे अगदी नेहमीचं. म्हणून स्वेटर, कानटोपी, मांडीवर घ्यायला शाल. आई हसतील आधी, नंतर मागतील. मी ज्येष्ठांना चारच्या सुमाराला नेते आणि सूर्य बुडाला की लगेच निघते, पण तुम्हाला पासाडेनाहून यायचंय म्हणजे ट्रॅफिकच्या तोंडात सापडाल, तेव्हा तुम्ही सकाळी दहाला पोचून दोनला परत हे जास्त बरं. बाबांचा सूर्यास्त एखाद्या रविवारी.

तीन महिने राहिले तर सप्टेंबर सोडू नका. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, आकाश मोकळं आणि पाणी वर्षातलं सगळ्यात कोमट. पहिला पाऊस पडला मात्र तर 72 तास पाण्यात कोणी जायचं नाही. इथे पावसाच्या पाण्याची गटारं सांडपाण्यापासून वेगळी आहेत आणि ती कुठलीही प्रक्रिया न होता थेट समुद्रात उघडतात, महिनोन्महिने रस्त्यावर साठलेली घाण एका सरीत तिथे. आपल्याकडे पहिल्या पावसात नाल्याचं पाणी कसं काळं येतं, तेच, फक्त इथे ते पाइपातून येतं म्हणून दिसत नाही.

खाण्यापिण्याचं एवढंच की डबे न्या, खुशाल न्या, कोणी अडवत नाही. वाळूवर स्वतःची शेगडी पेटवू नका, दारू-सिगारेट नाही, काचेच्या बाटल्या नकोत, चारी बाजूंनी बंद तंबू नको, कुत्रा नको. सीगल पक्षी मात्र पोळी हातातून नेतात, हे अतिशयोक्ती नाही. पार्किंगचे दर वार आणि सीझनप्रमाणे बदलतात, आणि पैसे मशीनवर किंवा फोनवर भरायचे असतात, फोनवरचं अ‍ॅप घरीच टाकून ठेवा, तिथे उन्हात उभं राहून पासवर्ड आठवत नाही. शेल्टर बुक केलं म्हणजे पार्किंग त्यात आलं असं समजू नका, मी समजले होते. आणि एक, जानेवारी 2025 मध्ये पॅसिफिक पॅलिसेड्स या वस्तीत लागलेल्या आगीत (वर सांगितलेलं पॅलिसेड्स पार्क वेगळं) विल रॉजर्स आणि मालिबूच्या बाजूचं बरंच नुकसान झालंय, तिकडे जायचं असेल तर काय काय उघडलंय ते त्याच आठवड्यात बघून जा, जुन्या पोस्टवर विसंबू नका.

म्हणजे तुमच्यासाठी माझा क्रम असा: आधी चेस पार्क, मार्क चांगले असतील तर त्याच दिवशी मदर्स बीच, मग ट्रेनने पॅलिसेड्स पार्क, मग सगळे मिळून एका सूर्यास्ताला डॉकवायलर. झुमा तुम्ही आणि पोरं जा, आई-बाबांना घरी विश्रांती.

आता बाबांचा गळ. कॅलिफोर्नियात समुद्रातल्या सार्वजनिक पिअरवरून मासे धरायला लायसन्स लागत नाही, वाळूवरून किंवा खडकावरून धरायला लागतं. तेव्हा पिअर गाठा. मॅनहॅटन बीचचं पिअर मला आवडतं, पण लॉटपासून थोडा चढ आहे हे लक्षात ठेवा, व्हेनिसला वॉशिंग्टन बुलेव्हार्डच्या टोकाला आहे ते सपाट पडतं. मॅनहॅटन बीचला गेलात तर पिअरच्या उत्तरेला ब्रूसेस बीच आहे तिथली कहाणी मोठ्या पोराला सांगा. विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय जोडप्याने 1912 पासून तिथे हॉटेल चालवलं, 1920 च्या दशकात शहराने "पार्क करायचंय" म्हणून जमीन काढून घेतली, आणि 2022 मध्ये काउंटीने ती त्यांच्या वारसांना परत दिली. वारसांनी पुढच्या वर्षी ती काउंटीलाच जवळपास 2 कोटी डॉलरला विकली. आमच्या सहलीतल्या लोकांना हे सांगितलं की प्रत्येकाला आपापल्या गावचा जमिनीचा खटला आठवतो आणि मग तास जातो.

मासा लागला तर मात्र ऐका. सांता मोनिका पिअरपासून सील बीच पिअरपर्यंतच्या पट्ट्यात व्हाइट क्रोकर, बार्ड सँड बास आणि अजून काही मासे अजिबात खाऊ नयेत असं राज्याचं सांगणं आहे. टॉरन्सच्या एका डीडीटीच्या कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं गटारातून पालोस व्हर्डेसजवळच्या समुद्रतळावर गेलं, ते अजून तिथल्या गाळात आहे आणि तळाशी चरणाऱ्या माशांच्या चरबीत उतरतं. पिअरवर चित्रांसकट पाट्या असतात. आता हा व्हाइट क्रोकर म्हणजे आपल्या ढोम्याच्या जातकुळीतला, दिसायलाही तसाच, त्यामुळे बाबा तो बघून म्हणणार की मस्त कालवण होईल, आणि आई घरी वाटण लावायला निघणार. फोटो काढा आणि लगेच पाण्यात सोडा, कालवणासाठी बाजारातून आणा. सांगायचं निघायच्या आधी, गळाला लागल्यावर कोकणी माणूस ऐकत नाही.